बायबलच्या बाहेर राहिलेल्या गोष्टी: कैरो ते नाग हम्मादी

२५ चा नाताळ वसईत घरी केला, पाहुणे वगैरे आटोपले आणि मी आणि ताई इजिप्तला निघालो. पिरॅमिड बघितले पण त्यावर मी काही लिहिणार नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही गेलो होतो ते नाग हम्मादीसाठी. १९४५ साली वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या इजिप्तमधल्या या भागात एका मडक्यात चामड्याच्या बांधणीची जुनी पुस्तकं सापडली, त्यात थोमाचं शुभवर्तमान (शुभवर्तमान म्हणजे येशूबद्दल सांगणारं पुस्तक), फिलिपचं शुभवर्तमान, योहानाचं गुप्त पुस्तक असं बरंच काही होतं, म्हणजे आदाम-हव्वा, नोहा, येशू सगळे तेच पण गोष्ट वेगळी. हा विषय निघाला की आपल्याकडे लोक लगेच "चर्चने दाबून ठेवलेलं सत्य" वाले व्हिडिओ पाठवतात नाहीतर सरळ पाखंड म्हणून मोकळे होतात, आणि ती पुस्तकं वाचलेलं माणूस काही भेटत नाही. मला ती वाचायला लागल्यापासून फार जवळची वाटतात, म्हणून ती जिथली आहेत ती जागा बघायची होती. ताई गेली कित्येक वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षण शिकवते, ती माझ्याशी सहमत नसते, पण यायला लगेच तयार झाली.

सोमवार, जुनं कैरो

मेट्रोने मार गिरगिस स्टेशनला उतरलं की समोरच सगळं, रोमन किल्ल्याचे बुरूज, मुअल्लका म्हणजे ते वर टांगल्यासारखं चर्च, आणि गल्लीतून पायऱ्या उतरून गेलं की अबू सर्गा. अबू सर्गाच्या खाली एक भुयारासारखी खोली आहे, तिथे योसेफ, मरिया आणि बाळ येशू हेरोद राजापासून पळून आले तेव्हा राहिले होते अशी श्रद्धा आहे. आमच्या पुढे एक आजी बसली होती, भिंतीला हात लावून बराच वेळ पुटपुटत होती, नातू तिची पिशवी धरून उभा. ताई पण गुडघे टेकून बसली.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात इजिप्तबद्दल किती आहे सांग. स्वप्न पडलं, उठले, निघाले, हेरोद मेल्यावर परत आले, संपलं. मोजून काही ओळी. पण इजिप्तमधल्या ख्रिस्ती माणसाला विचारा तर तो तुम्हाला आख्खा मार्ग सांगतो, इथे झाड, इथे विहीर, इथे मूर्ती आपोआप कोसळल्या. वाळवंटात मरियेला भूक लागली आणि बाळाच्या शब्दावर खजुराचं झाड वाकलं, मुळातून पाणी आलं, ही गोष्ट बायबलच्या बाहेरच्या बालपणाच्या पुस्तकांतली. आणि गंमत बघा, खजूर आणि झऱ्याचा प्रसंग कुराणात पण आहे, मरियमच्या सूरेत, आणि मातीच्या चिमण्या करून येशूने त्यांच्यात जीव फुंकला हे पण आहे. या मातीत या गोष्टी धर्माच्या कुंपणाने अडवल्याच गेल्या नाहीत.

दुपारी मतरियाला गेलो, तिथलं मरियेचं झाड बघायला, जुनं उंबराच्या जातीचं झाड, वाकलेलं, टेकू दिलेलं. तिथे बाकावर बसून आमची चर्चा रंगली. ताई म्हणाली, "लोकांची भक्ती आहे गं, ती वेगळी, शास्त्र वेगळं." मी म्हटलं मग आपल्या गोठ्यातले बैल आणि गाढव कुठून आले? लूकमध्ये फक्त गव्हाणी आहे, जनावर एकही नाही. येशूजन्माच्या गोष्टीत ती दोघं आली ती मत्तयच्या नावावर खपवलेल्या एका उशिराच्या पुस्तकातून. आणि मरियेच्या आईचं नाव अण्णा, वडील जोआकिम, हे चारही शुभवर्तमानांत कुठेच नाही, ते याकोबाच्या नावाच्या पुस्तकातलं आहे, दुसऱ्या शतकातलं. गोव्यात तळावलीला सांत आनाचं, म्हणजे या अण्णाचंच, एवढं मोठं चर्च, जुलैत तवशांचं (काकड्यांचं) फेस्त भरतं, लोक तवशी वाहतात, मूल मागतात, ते सगळं त्या पुस्तकावर उभं आहे. येशूचा शिष्य थोमा भारतात आला याची सगळ्यात जुनी सविस्तर गोष्ट सुद्धा "थोमाची कृत्ये" मधलीच. ताईने जरा विचार केला आणि म्हणाली, सांत आनाला मी सोडणार नाही. कोणी सोडायला सांगितलंय!

मंगळवार, कॉप्टिक म्युझियम

कॉप्टिक म्हणजे इजिप्तमधले ख्रिस्ती. सकाळी उघडताच आत. म्युझियम १९०८ साली मार्कस सिमैका यांनी उभं केलं, लाकडाची छतं आणि जाळ्या एवढ्या सुंदर की मान दुखेपर्यंत वर बघत राहावं. पण आम्ही तडक हस्तलिखितांकडे गेलो.

नाग हम्मादीची पानं काचेत आहेत, सगळी नाही, थोडीच मांडलेली. पपायरस मधासारख्या रंगाचा, कडा झिजलेल्या, मध्ये मध्ये भोकं, आणि त्यावर काळ्या शाईतली अक्षरं मात्र एवढी स्वच्छ की कोणी गेल्या वर्षी लिहिली म्हणावं. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, सलग ओळ जाते. भाषा कॉप्टिक, म्हणजे फॅरोंच्या काळातली इजिप्शियनच, पण ग्रीक अक्षरांत लिहिलेली आणि ग्रीकमध्ये नसलेल्या आवाजांसाठी जुन्या लिपीतून उचललेली सहा-सात अक्षरं. मी येण्याआधी एकच गोष्ट शिकून आले होते, येशूचं नाव पूर्ण लिहीत नाहीत, एक उभी काठी, शेजारी अर्धवर्तुळ आणि दोन्हींच्या डोक्यावर आडवी रेघ. ती रेघ शोधत काचेवर वाकले आणि सापडली! ताईला दाखवली. तिने क्रूसाची खूण केली. पाखंडी म्हणून ठरवलेल्या पुस्तकाच्या पानावर तेच नाव, तेवढ्याच आदराने लिहिलेलं, वरची रेघ चुकवलेली नाही.

चामड्याची वेष्टणं बघायची खूप इच्छा होती कारण त्यांची खरी करामत आत आहे. पुठ्ठा ताठ राहावा म्हणून कारागिरांनी आतून रद्दी चिकटवली, पावत्या, पत्रं, करारनामे, आणि त्या रद्दीतल्या काही कागदांवर तारखा आहेत, ३४१, ३४६, ३४८. म्हणजे पुस्तक बांधलं गेलं ते त्याच्यानंतर. मजकूर त्याहून जुना, मूळ ग्रीकमधून भाषांतर केलेला. एकूण १३ पुस्तकांचे अवशेष, त्यातल्या तेराव्याची फक्त काही पानं, सहाव्याच्या वेष्टणात खोचून ठेवलेली. आत सगळी मिळून ५२ लिखाणं. प्लेटोच्या 'रिपब्लिक'चा एक तुकडा पण आहे, आणि त्याचं भाषांतर इतकं बिघडलेलं की सुरुवातीला ओळखूच आला नव्हता.

ही पुस्तकं सापडायच्या आधी ती लिहिणाऱ्या लोकांबद्दल जग जे काही जाणत होतं ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांकडून. ल्योंचे बिशप इरेनियस यांनी इ.स. १८० च्या सुमारास पाखंडांविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला, त्यात यांची मतं खोडून काढायला म्हणून दिलेली आहेत. आता विचार करा, तुमच्याबद्दल तुमच्या विरोधकानेच लिहावं आणि तेच सोळाशे-सतराशे वर्षं उरावं. इरेनियस खोटारडे होते असं मी म्हणत नाही, बऱ्याच ठिकाणी त्यांनी बरोबर सांगितलंय, पण माणूस स्वतः बोलला की वेगळंच ऐकू येतं.

तेरांतलं पहिलं पुस्तक देशाबाहेर गेलं होतं, झुरिकला मानसशास्त्रज्ञ युंग यांच्या नावाच्या संस्थेने १९५२ मध्ये विकत घेतलं, नंतर ते इथे परत आलं. पानांच्या फोटोंची ग्रंथमालिका छापून पूर्ण व्हायला १९८४ उजाडलं. यात कारस्थान काही नाही, दलाल, सरकारं बदलणं, सुएझचं युद्ध आणि आपसातली विद्वानांची ओढाताण, एवढ्यानेच ४० वर्षं गेली.

त्याच म्युझियममध्ये बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचं एक पूर्ण पुस्तक आहे, चौथ्या शतकाच्या अखेरचं, अल-मुदिलला एका लहान मुलीच्या कबरीत सापडलं, तिच्या डोक्याखाली उघडं करून ठेवलेलं. ताई तिथून हलेना. मी पण नाही हलले.

बुधवार, रेल्वेत

कैरो ते लक्सर दिवसाची गाडी, नऊ-दहा तास, एका बाजूला नाईल आणि हिरवं, पलीकडे वाळूचे डोंगर. ख्रिसमस इथे ७ जानेवारीला, त्यामुळे कॉप्टिक लोकांचा उपास चालू, समोरच्या बाकावरच्या कुटुंबाने "सियामी", म्हणजे उपासाचं, म्हणत फूल (बाकल्याच्या दाण्यांची उसळ) आणि तामिया (त्याच दाण्यांचे वडे) आमच्यापुढे केलं. घेतलं, खाल्लं, फार चविष्ट.

बेनी मझार स्टेशन गेलं तेव्हा मी ताईला खिडकीतून पश्चिमेकडे दाखवलं, तिकडे आत बहनसा आहे. ग्रेनफेल आणि हंट हे दोन इंग्रज १८९७ मध्ये तिथल्या जुन्या शहराचे उकिरडे खणत होते, त्यात येशूची वचनं असलेलं एक ग्रीक पान मिळालं. लाकूड फोडा, मी तिथे आहे, दगड उचला, मी तिथे सापडेन, अशा अर्थाचं त्यात एक. कुठल्या पुस्तकाचं ते कोणाला ठाऊक नव्हतं. जवळजवळ ५० वर्षांनी नाग हम्मादीचं थोमाचं शुभवर्तमान मिळालं तेव्हा कोडं सुटलं, ते त्याचंच पान होतं.

मग मी तिला गाडीत वाचून दाखवलं, हिंदकळत, जमेल तसं मराठी करत. थोमामध्ये गोष्ट अशी नाहीच, ११४ वचनं, एकामागून एक, क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. निम्म्याच्या आसपास आपल्या ओळखीची, मोहरीचा दाणा, पेरणारा शेतकरी. ताईला आवडलं ते सगळं. शेवटचं सोडून. शेवटच्या वचनात शिमोन पेत्र म्हणतो मरियेला (येशूची आई नव्हे, बहुतेक मग्दालिया मरिया) आपल्यातून जाऊ द्या, बायका जीवनाला लायक नाहीत, आणि येशू उत्तर देतो की मी तिला पुरुष करीन. ताई भडकली, "हे म्हणे दाबून ठेवलेलं मुक्तीचं पुस्तक?" तिचा राग बरोबरच आहे. ज्यांना वाटतं बायबलबाहेरच्या पुस्तकांत बायकांना मानाचं पान आहे त्यांनी हे वचन आधी वाचावं.

पण मग मी नोरेया काढली. "अधिपतींचं स्वरूप" नावाचं लिखाण आहे, त्यात नोरेया ही हव्वेची मुलगी. जगाचे अधिपती महापूर आणायचं ठरवतात, नोहाला तारू बांधायला सांगितलं जातं, नोरेया येते आणि म्हणते मला चढू दे, नोहा नाही म्हणतो. ती तारवावर फुंकर घालते आणि तारू जळून जातं. नोहाला ते परत बांधावं लागतं. एवढंच, दोन-तीन ओळी. समोरची बाई आमच्याकडे बघायला लागली इतकी ताई मोठ्याने हसली, म्हणाली हे मुलांना सांगितलं तर वर्गात एक जण जागचा हलणार नाही.

गुरुवार, नाग हम्मादी

लक्सरहून गाडी केली. वाटेत पोलीस चौक्या बऱ्याच, पासपोर्ट, चौकशी, परत निघा. या गावात २०१० साली नाताळच्या उपासनेनंतर चर्चबाहेर गोळीबार होऊन माणसं गेली होती, त्यामुळे चौकशीचा कंटाळा करावासा वाटला नाही. नाईल इथे मोठं वळण घेते. आणि सगळीकडे ऊस. साखर कारखाना, उसाने लादलेल्या छोट्या रुळांच्या गाड्या, रस्त्यावर पडलेलं पाचट, सांगलीकडची वाटावी अशी. पलीकडे मात्र शेत संपतं तिथे एकदम उभा कडा, जबल अल-तारिफ.

डोंगराच्या अगदी पायथ्याला जाऊ दिलं नाही, पण शेताच्या कडेला गाडी थांबवून बराच वेळ बघता आलं. कड्यात काळी काळी भोकं दिसतात, त्या पिरॅमिड काळातल्या कबरी. नंतर त्यांत संन्यासी राहिले, एका गुहेत कोणीतरी लाल रंगाने कॉप्टिकमध्ये स्तोत्रांच्या पहिल्या ओळी लिहून ठेवल्यात.

सापडल्याची गोष्ट अशी सांगतात. जवळच्या अल-कस्र गावचा मुहम्मद अली अल-सम्मान हा शेतकरी भावाबरोबर सबाख, म्हणजे खताची भुसभुशीत माती, खणायला आला. मोठं मडकं लागलं. आत जिन असेल म्हणून घाबरला, सोनं असेल म्हणून फोडलं. पुस्तकं घरी नेली, आईने त्यातली काही पानं चुलीत सारली. त्याच वेळी वडिलांच्या खुनाच्या बदल्याचं प्रकरण घरात चालू, पोलीस येतील म्हणून पुस्तकं गावच्या कॉप्टिक धर्मगुरूंकडे ठेवली, त्यांच्या मेहुण्याने एक कैरोला नेलं आणि १९४६ मध्ये ते म्युझियमने २५० पौंडांना घेतलं. ही सगळी गोष्ट जेम्स रॉबिन्सन या अमेरिकन अभ्यासकाने मुहम्मद अलीकडूनच १९७० च्या दशकात, म्हणजे तीस वर्षांनी ऐकलेली, आणि सांगण्यात दर वेळी थोडी बदललेली. अलीकडचे काही अभ्यासक म्हणतात की मडकं डोंगरात पुरलेलं नसून एखाद्या कबरीतलं असावं, म्हणजे मेलेल्या माणसाबरोबर त्याची आवडती पुस्तकं. मला हे पटतं. त्या कबरीतल्या मुलीच्या डोक्याखालचं स्तोत्रांचं पुस्तक बघून आल्यावर तर फारच पटतं.

जवळच अन्बा पलामून यांचा मठ आहे. पाखोमियस, ज्यांनी पहिल्यांदा संन्याशांना एकत्र राहायची शिस्त घालून दिली, त्यांचे हे गुरू. मठात एका तरुण संन्याशाने चहा दिला, इंग्लिश बरं होतं. ताईने थेट विचारलं, ही पुस्तकं तुमच्या लोकांनी पुरली का? तो म्हणाला, कोणी म्हणतात तसं, आम्ही ती पुस्तकं वाचत नाही, पण ती लिहिणारे लोक पण रात्री जागून प्रार्थनाच करत असतील. एवढं बोलून त्याने ताईला खजूर आणून दिले.

३६७ साली अलेक्झांड्रियाचे बिशप अथानेशियस यांनी वार्षिक पत्रात नव्या कराराच्या २७ पुस्तकांची यादी दिली, आपण आज वापरतो तीच, आणि बाकीची नकली पुस्तकं टाळा म्हणून बजावलं. ते पत्र पाखोमियसच्या मठांत कॉप्टिकमध्ये वाचलं गेलं. म्हणून एक तर्क असा की त्यानंतर कोणा संन्याशाने ती जाळण्याऐवजी मडक्यात ठेवली. हा तर्कच आहे. पण एक बघा, यादी ३६७ ची, म्हणजे नाग हम्मादीची पुस्तकं त्याआधी बांधली गेली असतील तर तेव्हा कुठलं आत आणि कुठलं बाहेर हे या भागात एवढं पक्कं झालेलंच नव्हतं.

संध्याकाळी हॉटेलात मी तिला तो भाग वाचून दाखवला ज्यासाठी मी या पुस्तकांच्या मागे लागले. योहानाच्या गुप्त पुस्तकात जग बनवणारा याल्दाबाओथ आहे, सिंहाच्या तोंडाचा साप, तो जाहीर करतो की मी ईर्ष्यावान देव आहे, माझ्याशिवाय दुसरा देव नाही. आणि लिहिणारा लगेच विचारतो, दुसरा नाहीच तर ईर्ष्या कोणाची? "सत्याची साक्ष" मध्ये तर बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातली एदेन बागेची गोष्ट सापाच्या बाजूने आहे. हा कसला देव ज्याने आदामाला ज्ञानाचं फळ नाकारलं, आणि आदामा तू कुठे आहेस असं विचारावं लागलं, म्हणजे त्याला माहीत नव्हतं?

ताई खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, दर वर्षी कोणीतरी मुलगा हेच विचारतो. देवाने फळ का नाही खाऊ दिलं, आणि सगळं दिसतं तर हाक का मारली. "मी सांगते की देव त्याला कबूल करायची संधी देत होता." तिचं उत्तर मला या पुस्तकांच्या उत्तरापेक्षा चांगलं वाटतं, खरंच. जग वाईट देवाने बनवलं, शरीर म्हणजे कैद, हे मला कधीच पटलेलं नाही, बाहेरचा तो ऊस आणि नाईल बघून तर नाहीच. पण प्रश्न अस्सल आहे, आणि १८०० वर्षांपूर्वी कोणीतरी तो घाबरत न घाबरत लिहून ठेवला.

शुक्रवार, फाव किबली

इथे पाखोमियसच्या मठांचं मुख्य ठाणं होतं. पाचव्या शतकातल्या मोठ्या बॅसिलिकाचे गुलाबी ग्रॅनाईटचे खांब मोकळ्या जागेत आडवे पडलेत, शेळ्या फिरतात, मुलं त्यावरून उड्या मारतात. बघायला बाकी काही नाही, पण आम्ही तासभर होतो.

पुढे दिशना. याच भागात १९५२ च्या सुमारास आणखी एक पुस्तकांचा साठा मिळाला असं सांगतात, तो बराचसा जिनिव्हाजवळच्या बोडमर ग्रंथालयात गेला. त्या साठ्यात योहान आणि लूकच्या फार जुन्या प्रती होत्या, होमर होता, आणि मी आधी सांगितलेल्या त्या याकोबाच्या पुस्तकाची, अण्णा-जोआकिमच्या गोष्टीची, सगळ्यात जुन्यांपैकी एक प्रत. ती एका जाड पुस्तकात इतर लिखाणांबरोबर होती, आणि त्याच पुस्तकात पेत्राची दोन पत्रं आणि यहूदाचं पत्र, जी आज आपल्या बायबलात आहेत. एकाच बांधणीत! आणि यहूदाच्या पत्रात हनोखचं वचन दिलंय, हनोखचं पुस्तक आपल्या बायबलात नाही, इथिओपियाच्या चर्चच्या बायबलात आहे. ज्या कोणी ते पुस्तक वापरलं त्याला सांत आनाची गोष्ट आणि पेत्राचं पत्र एकत्र ठेवण्यात काही वावगं वाटलं नाही.

ताईने हे वहीत लिहून घेतलं.

शनिवार, लक्सर

परतीचा दिवस, कर्नाकचं देऊळ घाईत.

कोणाला जायचं असेल तर कॉप्टिक म्युझियमला अर्धा नाही, पूर्ण दिवस द्या. नाग हम्मादीकडे डिसेंबर ते फेब्रुवारीत जा, गाडी लक्सरहून करा आणि दंदराचं देऊळ त्याच रस्त्यावर आहे ते पण करा, आवारात जुन्या चर्चचे अवशेष आहेत. मठात जाताना अंगभर कपडे. आणि जाण्याआधी निदान थोमा आणि "अधिपतींचं स्वरूप" वाचून जा, दोन्ही छोटी आहेत, एका बैठकीत होतात, पण उत्पत्तीचे पहिले नऊ अध्याय शेजारी उघडे ठेवा, नाहीतर कोण कोणाला काय उत्तर देतंय ते कळणार नाही. ताई येत्या रविवारच्या वर्गात सांत आनाची गोष्ट सांगणार आहे, कुठल्या पुस्तकातली ते नावासकट. नोरेयाचं अजून ठरलेलं नाही.